मेनफ्रेम हॅक होत नाही म्हणतात, मग ऑडिटमध्ये नेमकं काय बघायचं?

बँकेतल्या झेड/ओएसच्या (आयबीएम मेनफ्रेम, म्हणजे बँकांचे मोठे केंद्रीय संगणक, चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) ऑडिटमध्ये आतल्या माणसाचा धोका कुठे शोधायचा, असं तुम्ही विचारलंय. झेड/ओएस मुळात भक्कम आहे. भोकं पडतात ती परवानग्यांमध्ये, आणि ती आत काम करणाऱ्यांना आधी दिसतात.

सुरुवात एपीएफ यादीपासून करा, म्हणजे ज्यांतल्या प्रोग्रॅमना विशेष अधिकार मिळू शकतात अशा लायब्ररींच्या यादीपासून. या लायब्ररींमधून चालणारा अधिकृत प्रोग्रॅम सुपरवायझर स्टेटमध्ये (प्रोसेसरच्या सर्वाधिकारी अवस्थेत) जाऊ शकतो. तिथून मेमरीतल्या एसीईईमध्ये (यूजरच्या अधिकारांची नोंद) एक बिट बदलला की साधा यूजर 'स्पेशल', म्हणजे सुरक्षा ॲडमिन, होतो. पुढे रॅकएफ (कुणाला काय करता येईल ते ठरवणारा सुरक्षा प्रोग्रॅम) त्याला ॲडमिनच समजतो, त्यामुळे 'परवानगी नाकारली' अशी नोंद सापडतच नाही. थोडक्यात, एपीएफ लायब्ररीवर अपडेट (लिहिण्याची परवानगी) असणं म्हणजे अख्खी यंत्रणा हातात असणं. डीएसमॉनचा (रॅकएफची तपासणी करणारा प्रोग्रॅम) रिपोर्ट काढा (सहसा ऑडिटर ॲट्रिब्यूट लागतं) आणि प्रत्येक लायब्ररीचा यूएसीसी, म्हणजे वेगळी परवानगी नसलेल्या सगळ्यांना मिळणारा प्रवेश, बघा. ॲक्सेस लिस्ट (कोणत्या यूजरला वा ग्रुपला कोणती परवानगी आहे ती यादी) मात्र वेगळी तपासावी लागते. ग्रुपमधून मिळालेले अधिकार तिथेच सापडतात. रिपोर्टमध्ये 'एन.एफ.' (नॉट फाउंड) दिसलं तर थांबा: नाव यादीत आहे, पण त्या व्हॉल्यूमवर (डिस्कवर) लायब्ररी नाही. त्या नावाने डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) बनवता येणाऱ्या कुणालाही आयतं दार मिळतं. असं नाव यादीतून काढून टाका.

दुसरं, रॅकएफ डेटाबेसचा बॅकअप. या डेटाबेसमध्ये यूजर आणि त्यांचे एन्क्रिप्ट केलेले पासवर्ड असतात. मूळ फाइल सगळे जपतात, प्रत मात्र स्टोरेज टीमच्या एखाद्या डेटासेटमध्ये रीड परवानगीने पडून असते. पासवर्ड फोडायला रीड पुरेसं आहे, तेही बाहेरच्या मशीनवर. २०१२ मध्ये लॉजिका या आयटी कंपनीचा स्वीडनमधला मेनफ्रेम फोडला गेला, तेव्हा रॅकएफचा डेटाबेसही घुसखोरांच्या हाती लागला होता. केडीएफएईएस (पासवर्ड जपण्याची नवी, जास्त मजबूत पद्धत) चालू केलंत तरी जुन्या, कमकुवत डीईएस पद्धतीने साठवलेले पासवर्ड बदलेपर्यंत तसेच राहतात. ते रॅकएफच्या पीडब्ल्यूकन्व्हर्ट पर्यायाने रूपांतरित करून घ्या.

वॉर्निंग मोडमधले प्रोफाइल (डेटासेटच्या संरक्षणाचे नियम) 'सर्च क्लास(डेटासेट) वॉर्निंग' या कमांडने लगेच मिळतात. वॉर्निंगमध्ये फक्त इशारा लिहिला जातो, प्रवेश मिळतोच. मायग्रेशनसाठी लावलेलं हे सेटिंग वर्षानुवर्षं काढलं जात नाही. रॅकएफमधला सरोगॅट क्लासही (नियमांचा गट) बघा: दुसऱ्याच्या आयडीने, त्याच्या पासवर्डशिवाय, जॉब टाकायचा अधिकार कुणाकुणाला आहे? तो आयडी प्रॉडक्शन बॅचचा असेल तर हा सर्वांत मोठा शोध ठरू शकतो.

शेवटी, एसएमएफचे (यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदींचे) रेकॉर्ड मेनफ्रेमवरच ठेवू नका. सिस्टिम प्रोग्रॅमरला ते बदलता येतात. त्यातले टाइप ८०, म्हणजे रॅकएफच्या नोंदी, त्याच्या अधिकाराबाहेरच्या सर्व्हरवर लगेच पाठवा.