टर्बो गाडीत मोठे इंजेक्टर बसवलेत, आता पिगीबॅक लावू की ईसीयू रीमॅप करू?

तुमच्या ईसीयूसाठी (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीमॅप, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदलणं, उपलब्ध असेल तर रीमॅपच करा. पिगीबॅकचा विचार ईसीयू लॉक असेल, म्हणजे त्यात बदल करता येत नसतील, तरच. पिगीबॅक हा वेगळा बॉक्स मूळ मॅपला (ईसीयूतल्या पेट्रोल-इग्निशनच्या तक्त्यांना) हात लावत नाही, सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसून सिग्नल बदलतो. मोठ्या इंजेक्टरमधून पेट्रोल जास्त पडू नये म्हणून तो हवेचा आकडा कमी करून सांगतो. ईसीयूला वाटतं लोड कमी आहे, म्हणून तो इग्निशन टायमिंग अॅडव्हान्स करतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो. प्रत्यक्षात टर्बोचं बूस्ट (हवेचा दाब) पूर्ण असतं. नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं) इथूनच सुरू होतं आणि पिस्टन जातात, त्यामुळे हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. शिवाय हलक्या थ्रॉटलवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून हवा-पेट्रोलचं मिश्रण 14.7:1 कडे खेचतो आणि फ्युएल ट्रिम (पेट्रोलची आपोआप होणारी दुरुस्ती) शिकत तुमचं ट्युनिंग हळूहळू पुसून टाकतो.

इग्निशनवरही ताबा देणारा पिगीबॅक असेल तर चित्र बरंच सुधारतं, पण ट्युनिंग डायनोवरच (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) करून घ्या. आणि लावायचाच ठरला तर:

- आधी वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं प्रमाण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) बसवा. टर्बो पेट्रोल इंजिनाला फुल थ्रॉटलवर साधारण 11.5 ते 12.5 चं मिश्रण लागतं. 13 च्या वर दिसलं की लगेच पाय काढा.
- वायरिंगचे जोड सोल्डर किंवा नीट क्रिंप करा. नुसत्या पिळून टेप मारलेल्या वायरी कंपनाने सैल होतात आणि नेमका बूस्टवर सिग्नल तुटतो.