साय-फाय नॉयर म्हणजे नुसता अंधार, पाऊस आणि निऑन का?

नाही, निऑन आणि पाऊस हा वरचा पोशाख झाला, खरी खूण म्हणजे 1940 च्या दशकातल्या नॉयर म्हणजे काळोख्या गुन्हेपटांमधला तो थकलेला, कोणावरच विश्वास नसलेला डिटेक्टिव्ह उचलून भविष्यातल्या शहरात सोडायचा. जुन्या नॉयरमध्ये प्रश्न असतो खून कोणी केला, इथे तपास फिरून बऱ्याचदा स्वतःवरच येतो, म्हणजे मी माणूस आहे का, या आठवणी माझ्याच का वगैरे. इंदूरला आमच्या ग्रुपमध्ये हे सिनेमे लावतो म्हणून सांगतोय, 'ब्लेड रनर' (1982) परत बघा, खोलीत मुद्दाम धूर सोडलाय आणि ब्लाइंड्सच्या फटींतून बाहेरचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी आत येतो, अर्धा चेहरा काळोखातच. (पावसाळ्यात रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात कढईच्या वाफेतून लाइट बघितलेत ना, तसंच काहीसं, फक्त भुट्ट्याचा कीस मिळत नाही.) पण सगळेच असे दिसत नाहीत हं, फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा 'आल्फाव्हिल' (1965) ब्लॅक अँड व्हाइट आहे, भविष्याचे सेट न लावता त्या काळच्या पॅरिसमध्येच शूट केलाय, निऑनचा रंग शोधून सापडणार नाही, तरी पक्का साय-फाय नॉयर.