शिरस्तेदाराच्या हातातला दोरा

कळव्याच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "ठाण्याच्या कोर्टात सिनियर सांगतात, ‘शिरस्तेदारांकडे जा आणि आक्षेप दूर करून ये.’ शिरस्तेदार म्हणजे शिरावर बसलेला, मुख्य कारकून, असं मी धरून चालले आहे. बरोबर आहे का? बातम्यांत ‘पेशकार’ येतो तो हाच का? आणि अर्जावर शिरस्तेदार लिहावं की अधीक्षक?"

पेशकाराला आधी बाजूला करू. तो उत्तरेकडच्या कोर्टांतला. हिंदी बातम्यांच्या घाईच्या भाषांतरातून तो इकडे घुसला. आपल्याकडे डायसच्या खाली बसून फायली पुढे करणारा आणि रोजनामा लिहिणारा तो बेंच क्लार्क. पेशकाराचा हात धरून ‘पेशी’ही आली: "आरोपीची आज ठाणे न्यायालयात पेशी." मराठीत पेशी रक्तात असते, स्नायूत असते. कोर्टात आरोपीला हजर करतात, पक्षकाराची तारीख असते, दाव्याची सुनावणी असते. तीन वेगळ्या गोष्टींसाठी तीन नेटके शब्द घरात असताना तिन्ही टाकून एक उसना आणायचा, आणि तोही ज्याचा मराठी अर्थ भलताच आहे, हे रोज वाचावं लागतं.

आता शिरस्तेदार, कोर्टात दाखल होणारे कागद तपासून घेणारा. या शब्दाचा शिरस्त्राणाशी संबंध नाही, त्यामुळे ‘शिरस्त्रेदार’ लिहिणाऱ्यांनी तो ‘त्र’ काढून टाकावा. ‘शिरःस्थ’ म्हणजे डोक्यावर असलेला, त्यावरून शिरस्ता, अशी संस्कृत व्युत्पत्ती काही व्याख्याते ठणकावून सांगतात. तीही चूक. तशी असती तर शेवटच्या ‘दार’चं काय करायचं? तो फारसी प्रत्यय आहे: जमीनदार, फौजदार, तहसीलदार. मूळ शब्द आहे ‘सररिश्ता’. सर म्हणजे डोकं, टोक. रिश्ता म्हणजे दोरा. सररिश्ता म्हणजे दोऱ्याचं टोक, आणि सररिश्तेदार म्हणजे ते टोक ज्याच्या हातात आहे तो.

फारसीत ‘रिश्तन’ म्हणजे सूत कातणं, आणि कातून निघालं ते रिश्ता. हिंदीतला नात्याचा ‘रिश्ता’ तोच, माणसामाणसांतला धागा. इराणात शेवयांनाही रिश्ताच म्हणतात. मराठीने या दोऱ्याचं नातं उचललं नाही, शेवया उचलल्या नाहीत, पण दोऱ्याचं टोक तेवढं उचललं आणि कचेरीत आणून ठेवलं.

विचारणारीचा अंदाज एका अर्थी अर्धा बरोबर आहे, हे इथे कबूल करायला हवं. फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘शिरस्’ ही एकाच घराण्यातली भावंडं. सरदार, सरकार, सरहद्द यांतला ‘सर’ तोच. सररिश्त्याचा ‘सर’ मराठीत येऊन ‘शिर’ झाला तो कानाला ओळखीचं शिर जवळचं वाटलं म्हणून. म्हणजे शिर आहेच, पण ते कारकुनाचं शिर नाही. ते दोऱ्याचं आहे.

पण दोऱ्याचाच संबंध का, यावर मोठी माणसं घसरली आहेत. यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दसंग्रह १८८६ साली छापून आला. त्यात तेलुगू कोशकार सी. पी. ब्राउन यांचा अर्थ नोंदला आहे: ज्या दोरीवर बाहुल्या नाचतात तिचं टोक धरणारा तो सररिश्तेदार. स्वतः ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत न्यायखात्याचं काम केलेल्या माणसाने कारकुनाला पडद्यामागचा कळसूत्री करून टाकलं. हा अर्थ मला साफ नामंजूर आहे. यूल-बर्नेलनी तो थट्टेचा मानून ‘फाइल सांभाळणारा’ असा पर्याय सुचवला. ते बरोबर दिशेने गेले, पण दाराशीच थांबले.

कोणत्याही दिवाणी कोर्टाच्या टेबलावरची फाइल हातात घेऊन बघा. पूर्वीचा हिरवट लेजर कागद असो की आताचा ए-फोर, डाव्या कडेला दाभणाने भोकं पाडून दोरा ओवलेला असतो. म्हणून डावीकडे निदान दीड इंच समास सोडायला सांगतात. तो सोडला नाही तर ओळींची सुरुवात शिवणीत जाते, आणि वर्षभराने तेच पान वाचायला कोणी फाइल ताणून उघडली की कागद भोकापाशी फाटतो. सुटलेलं पान म्हणजे कोर्टातला सगळ्यात वाईट अपघात. दोरा ही तिथे शोभेची वस्तू नाही. कागद कोणत्या क्रमाने आले याचा पहिला पुरावा तो दोरा असतो. नवा कागद आला की टोक सोडायचं, कागद ओवायचा, पुन्हा गाठ मारायची. टोक ज्याच्या ताब्यात, त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कागद आत शिरत नाही आणि बाहेर पडत नाही. म्हणून तो सररिश्तेदार. बाहुल्या नाचवायला तो मोकळा कुठे असतो!

इंग्रजी ‘फाइल’ तरी कुठून आली? लॅटिन ‘फिलुम’, म्हणजे दोराच. युरोपातले कारकूनही कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. इराण आणि युरोपात कागद सांभाळणाऱ्यांनी एकच युक्ती केली आणि दोन्हीकडे नाव दोऱ्यावरून पडलं.

तिसरा शब्द आपला. सरकारी मराठीत फाइलला ‘नस्ती’ म्हणतात आणि लोक ‘नसती’ म्हणून तिची टर उडवतात. त्यांनी जरा थांबावं. संस्कृतात ‘नस्ता’ म्हणजे बैलाच्या नाकाच्या पडद्याला पाडलेलं भोक, जिथे वेसण ओवतात. त्याच कुळातून प्राकृताच्या वाटेने ‘नथ’ आली. हिंदीत कागद भोक पाडून एकत्र ओवण्याला ‘नत्थी’ म्हणतात. माझं ठाम मत आहे की नस्ती ही याच घरची लेक आहे: भोक पाडलेला आणि ओवलेला कागद. नाकातली नथ, बैलाची वेसण आणि मंत्रालयातली नस्ती या एकाच कल्पनेवर उभ्या आहेत. तिला बनावट म्हणणाऱ्यांनी ‘फाइल’मध्ये जास्त मराठीपण कुठे सापडतं ते दाखवावं.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप: मराठीत ‘शिरस्ता’ म्हणजे रीत, वहिवाट. दोऱ्याच्या टोकाचा अर्थ ‘वहिवाट’ कसा झाला? याचं उत्तर कचेरीतच आहे. नवा अर्ज आला, काय करायचं कळेना, की कारकून ओवलेले जुने कागद मागे उलटत जातो. असाच अर्ज पूर्वी आला होता का, त्यावर काय शेरा पडला, किती मुद्रांक घेतला? सापडलं की तसंच करायचं. दोरा धरून मागे गेलं की जे हाती लागतं, तो शिरस्ता. म्हणून शिरस्ता आणि परंपरा एक नव्हेत. परंपरा माणसांच्या आठवणीत राहते, शिरस्ता कागदात राहतो. ‘दिवाळीत फराळाचा शिरस्ता’ मला खटकतो, ती रीत आहे. ‘आक्षेप दूर झाल्याशिवाय दाव्याला नंबर पडत नाही, असा शिरस्ता आहे’ हे अस्सल. आणि ‘नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे’ लिहिणाऱ्यांनी ‘नेहमीच्या’ खोडावं. एकदाच घडतं त्याला शिरस्ता म्हणतच नाहीत.

सिनियर म्हणतात ते आक्षेप म्हणजे दाव्याच्या कागदांत काढलेल्या उणिवा, आणि त्या शोधायची यादी याच शिरस्त्याची. दाव्याच्या मूल्यांकनाप्रमाणे कोर्ट फी पुरेशी आहे का, दावा मुदतीत आहे का, सत्यापनावर, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या कबुलीवर, सही आहे का, सोबत प्रतिज्ञापत्र आहे का, वकीलपत्र सहीचं आणि मुद्रांकाचं आहे का, कागदांची यादी जोडली आहे का, प्रत्येक प्रतिवादीसाठी दाव्याची प्रत आणि समन्सची फी दिली आहे का. हद्द तर नवी मुंबईत नेमाने चुकते. खारघरचा माणूस स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतो आणि बेलापूरच्या कोर्टात दावा घेऊन जातो. पण खारघर रायगड जिल्ह्यात, तिथल्या जागेचा दावा पनवेलला. आक्षेपातच हे सापडलं तर हेलपाटा वाचतो. पुढे सापडलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम १० खाली दावा योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत मिळतो, आणि तोवर महिने गेलेले असतात.

आक्षेप मिटले की नंबर पडतो. इथे नवशिके गोंधळतात, कारण एका दाव्याला तीन नंबर असतात. कागद आत आल्याचा फाइलिंग नंबर, दावा नोंदवल्याचा रजिस्ट्रेशन नंबर, आणि संगणकाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर. त्यात राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, न्यायालयाचे दोन अंक, मग सहा अंकी क्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष. आतल्या कागदांना निशाण्या (नि.), म्हणजे ओळखीचे क्रमांक, पडतात: दावा नि. १, आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज नि. ५. हा आकडा इतका रुळला आहे की ‘पाचवर आज युक्तिवाद’ म्हटलं की ठाणे-बेलापूरच्या कोणत्याही वकिलाला पुढचं सांगावं लागत नाही. एकच निशाणी चुकून दोन कागदांना पडली तर तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. अपिलात वरच्या कोर्टाने रेकॉर्ड मागवलं, अनुक्रमणिका करायला घेतली, की मग कळतं.

रोजनाम्याला ‘रोजनिशी’ म्हणू नका. रोजनिशीत माणूस मनाला येईल ते लिहितो. रोजनाम्यात त्या तारखेला कोर्टात काय झालं तेवढंच येतं: "वादी व वकील हजर. प्र. १ गैरहजर. नि. १७ चा अर्ज दाखल. विरुद्ध पक्षाने म्हणणे द्यावे." या ‘म्हणणे’ला बोलताना सगळे ‘से’ म्हणतात, ‘से फाइल केला’. कागदावर मात्र ‘म्हणणे’ टिकून आहे आणि ते टिकावं. रोजनाम्याच्या शेवटी पुढची तारीख आणि टप्पा: समन्स, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, युक्तिवाद, निकाल. हीच तारीख संगणकात आणि त्या दिवशीच्या बोर्डात, म्हणजे कामाच्या यादीत, जुळली पाहिजे. रोजनाम्यात १२ आणि संगणकात २१ पडली तर २१ला येणाऱ्या वादीचा १२ला पुकारा होतो, तो गैरहजर ठरतो, आणि प्रतिवादी हजर असेल तर त्याच संहितेच्या आदेश ९, नियम ८ खाली दावा काढून टाकला जाऊ शकतो. पुन्हा फाइलवर घेण्याच्या अर्जाला मुदत ३० दिवसांची. म्हणून तारीख मोबाइलवर बघून थांबू नका, बेंच क्लार्ककडून रोजनाम्यावर ताडून घ्या.

आणि ती ‘तारीख’च राहू दे. सावरकरांनी दिलेला ‘दिनांक’ हा चांगला शब्द आहे आणि कागदाच्या माथ्यावर तो शोभतो. पण कोर्टात तारीख पडते, मिळते, घेतात, चुकते. दिनांक यातलं काहीच करत नाही. १९९८ पासून महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. कोर्टातल्या शब्दांना हात लावताना ते वाक्यात कसे चालतात हे आधी बघावं, मूळ कोणत्या भाषेतलं ते नंतर.

कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती देणाऱ्या नक्कल खात्यातला ‘रुजवात’ हाही असाच जपण्यासारखा शब्द. मुळाशी ताडून पाहणं एवढाच अर्थ, पण नकलेच्या मागे ‘रुजवात घेणार’ पुढची सही नसेल तर ती खरी नक्कल नव्हे. त्याच शिक्क्यात अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तीन तारखा असतात. त्या तिन्ही नीट वाचता येतात का हे खिडकीवरच बघा. मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नकलेसाठी लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात, तो याच शिक्क्यावरून. नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही उचलायला आठ दिवस लावलेत, तर ते आठ दिवस तुमच्याच खाती.

राहिला अर्ज. पदाचं आजचं नाव अधीक्षक किंवा सहायक अधीक्षक, तेव्हा अर्जाच्या माथ्यावर दारावरच्या पाटीवर असेल ते लिहा. बोलताना शिरस्तेदार म्हणायला काहीच हरकत नाही, फक्त उच्चार ‘शिरेस्तेदार’ करू नका.