ई-सिगारेटचा टँक गळतोही आणि झुरका जळकाही लागतो. दोन्ही एकदम कसं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळचे ठाण्याचे, सध्या शिकायला इंग्लंडात लेस्टरला. सिगारेट सोडायची म्हणून वेप धरलं. जून २०२५ पासून तिकडे डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचे वेप विकायला बंदी आली, तेव्हा पुन्हा भरता येणारा टँक घेतला. कॉइल (टँकमधली तापणारी तार आणि तिच्याभोवतीचा कापूस) ०.८ ओहमची, तिच्यावर १२ ते १८ वॅट छापलंय, तुम्ही ती २२ वर चालवता. लिक्विड ७० टक्के ग्लिसरीनचं. सकाळी बसस्टॉपवर झुरका जळका लागतो, दुपारी लायब्ररीत खिसा चिकट होतो. दोन आठवड्यांत तीन कॉइल गेल्या आणि दुकानदार दर वेळी चौथी पुढे करतो. आणि शेवटी, डिसेंबरात ठाण्याला येताना हे सोबत आणू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर कॉइलपेक्षा फार महागात पडेल. आणू नका. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे कुठल्या टपरीवर चोरून मिळत असेल म्हणून ते चालतं असं समजू नका. ‘एकच आहे, माझ्यापुरतं आहे’ हे कस्टमच्या टेबलापुढे सांगायची वेळ स्वतःवर आणू नका. सगळं खोलीवर ठेवून या.

आता टँक. मी ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं, मधली २०१४ ते २०१८ ही चार वर्षं इंग्लंडात टीसाइडला कंत्राटावर होतो. सिगारेट तिथेच सुटली, ती अशाच एका टँकच्या आधाराने, आणि पुढे टँकही सुटला. तुम्ही जे लिहिलंय, सकाळी जळका आणि दुपारी ओला, ते मी एक अख्खा हिवाळा सोसलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हे दोन आजार नाहीत. टँकमध्ये एकच काम चाललेलं असतं: कापसातून लिक्विड तारेपर्यंत येतं आणि तार ते वाफ करून उडवते. येणं कमी आणि उडणं जास्त झालं की जळतं. येणं जास्त आणि उडणं कमी झालं की साचतं, गुडगुडतं, खालून गळतं. तुमच्याकडे दिवसातून दोनदा हा तोल दोन बाजूंना जातोय आणि त्याचं मोठं कारण लेस्टरची थंडी आहे.

आपण ठाण्या-मुंबईची माणसं, घट्ट झालेलं तेल आपल्या डोक्यातच येत नाही. टीसाइडच्या पहिल्या नोव्हेंबरात घरून नेलेली खोबरेल तेलाची बाटली खिडकीत पांढरी दगड झाली होती. ग्लिसरीन तसं गोठत नाही, पण थंडीत ते पाकासारखं घट्ट होतं आणि ७० टक्के ग्लिसरीनचं लिक्विड तीन-चार अंशांत कॉइलच्या बारीक भोकांतून मुंगीच्या पावलांनी आत शिरतं. पहिला झुरका ठीक लागतो, कारण रात्रभरात कापूस भिजलेला असतो. दुसराही ठीक. तिसऱ्याला आतला कापूस कोरडा आणि मागून लिक्विड आलेलंच नाही, तेव्हा घशाला चटका. तुम्ही लिहिलंय की ‘बस यायच्या आधी घाईने पाच-सहा ओढतो’. तिथेच कॉइल जाते.

समई आठवा. तेल आहे तोवर वात नुसती टोकाला जळते, तिचं काही बिघडत नाही. तेल संपत आलं की चरचर ऐकू येते, मग वातच जळायला लागते आणि तो वास घरभर होतो. इथेही तसंच. लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. कापूस ओला आहे तोवर तारेची उष्णता उकळण्यात खर्च होते, तापमान आवाक्यात राहतं. कोरडा पडला की तार मोकाट तापते आणि कापूस करपतो. करपलेला कापूस पुन्हा भिजवून सुधारत नाही, कितीही थांबा. त्यामुळे जळका लागल्यावर ‘अजून दोन ओढून बघू’ हे अजिबात करू नका. ग्लिसरीन फार तापलं की त्याचं विघटन होऊन ॲक्रोलीन तयार होतं. कढईतलं तेल धुरावल्यावर डोळ्यांना झोंबतं ना, त्यातही तेच असतं. तो धूर मुद्दाम छातीत घ्यायचा नाही.

आणि आता २२ वॅटचं. कॉइलवर छापलेला आकडा मनाला येईल तसा ओलांडायचा नसतो. हिशोब करून बघा: ३.७ व्होल्टला ०.८ ओहमच्या तारेतून साधारण १७ वॅट जातात. ती त्याच बेताने बनवलेली, तिची भोकंही तेवढं लिक्विड आत येईल इतकीच. वाफ कमी वाटते म्हणून वॅट वाढवणं म्हणजे लिक्विड येण्याचा वेग तोच ठेवून उडण्याचा वेग वाढवणं. १४ वर आणा. सकाळी बाहेर असाल तर १२-१३. दोन झुरक्यांत अर्धा मिनिट जाऊ द्या आणि टँक कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत, उभा ठेवा. लिक्विडही बदला: अशा बारीक भोकांच्या कॉइलला ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल अर्धं-अर्धं, म्हणजे ५०-५० चं लागतं. ७० टक्केवालं मोठ्या तोंडाच्या, कमी ओहमच्या कॉइलसाठी असतं. उलट, ५०-५० चं पातळ लिक्विड त्या मोठ्या कॉइलमध्ये घातलं तर ते धो-धो गळेल, हेही लक्षात असू द्या. फार गोड चवीचं असेल तर त्यातल्या सुक्रालोजचा तारेवर काळा लेप बसतो, आणि मग बाकी सगळं बरोबर असूनही करपल्याचा वास येतो.

गळतीचं मला नीट कळलं ते टँकवरून नाही. परत आल्यावर आमच्या कंट्रोल रूममध्ये २० लिटरचा पाण्याचा जार होता, डिस्पेन्सरवर उलटा लावलेला. एका सकाळी खाली सगळं पाणी-पाणी. सगळे नळ तपासत बसले. नळ ठणठणीत कोरडा. तडा निघाला जारच्या वरच्या टोकाला, केसाएवढा, पाण्याच्या पातळीच्याही वर. तिथून पाण्याचा थेंबही येत नव्हता, तिथून हवा आत जात होती. उलटा जार सांडत नाही तो आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जरा कमी असतो म्हणून. तिथे हवा शिरली की खालचं पाणी मोकळं होतं. आपण पेला भरतो तेव्हा एक मोठा बुडबुडा ‘गुडूक’ करून वर जातो, तेवढीच हवा आत जायला हवी.

तुमचा टँक म्हणजे २ मिलीचा तसाच जार. गळतं खालून, पण कारण बहुतेक वेळा वर असतं: वरच्या झाकणाची रबरी रिंग चेपलेली, काच तिरकी बसलेली, झाकण आट्यांत वाकडं गेलेलं. तुम्ही दिलेल्या फोटोत वरची रिंग काचेच्या कडेखालून नखाएवढी बाहेर आलेली दिसतेय. कोरडी रिंग घट्ट बसवताना अशी पिळवटते. ती काढा, कोमट पाण्याने धुवा, त्याच लिक्विडचं बोट फिरवा आणि मग बसवा. झाकण हाताने आवळायचं, पक्कड लावायची नाही. रिंग जितकी दाबाल तितकी लवकर चपटी होते. टँकसोबत एक जादा संच येतो, तो खोक्यात तसाच पडला असेल, शोधा.

आता दुपारचं. तीन अंशांच्या रस्त्यावरून तेवीस अंशांच्या लायब्ररीत आलात की टँकमधली हवा सात टक्क्यांनी फुगते. टँक निम्मा रिकामा असेल तर हवा एक मिली, म्हणजे एक-दीड थेंब लिक्विड कापसातून बाहेर ढकललं जातं. दिवसातून चार वेळा आत-बाहेर केलंत की खिसा चिकट. शिवाय उबेने लिक्विड पातळ झालेलं असतं आणि खिशात टँक आडवा असतो. म्हणून आत जाताना तो उभा ठेवा, हवेची खाच (टँकच्या खाली हवा आत घेणारी फट) बंद करा आणि टँक जमेल तेवढा भरलेला ठेवा; हवा कमी तर फुगणंही कमी. विमानात हेच जास्त प्रमाणात होतं, कारण तिथे बाहेरचा दाबच उतरतो.

यात तुमची एक सवय भर घालतेय. जळका लागला की तुम्ही जोरात ओढता, येत नाही म्हणून. जोराच्या ओढीने लिक्विड तारेच्या पोकळीत येऊन साचतं. मग गुडगुड येते, तोंडात कडू थेंब येतो, ती गुडगुड घालवायला तुम्ही वॅट वाढवता आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जळतं. शिवाय करपलेला कापूस आकसतो, त्याच्या कडेला फट पडते, तिथून लिक्विड सरळ खाली उतरतं. म्हणजे तुमच्याकडे जळणं पहिलं आणि गळणं त्याच्या मागून आलेलं आहे. म्हणूनच नुसत्या नव्या कॉइलने चार दिवस बरं वाटतं.

गुडगुड आली की ओढू नका, वॅट वाढवू नका. टँक बॅटरीवरून काढा, खाली टिश्यू धरा, तोंडाकडून हळू फुंका. साचलेलं टिश्यूवर येईल. बॅटरीच्या डोक्यावरचा मधला ठिपकाही पुसा. तिथे लिक्विड राहिलं तर संपर्क बिघडतो आणि ओहमचा आकडा उड्या मारायला लागतो. नंतर हात साबणाने धुवा. निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. बाटली खोलीत इतरांच्या, विशेषतः लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

नवी कॉइल लावताना घाई करू नका, माझ्या पहिल्या दोन त्यातच गेल्या. टँकमध्ये बसवायच्या आधी कॉइल उजेडात धरून बघा: बाजूच्या भोकांतून पांढरा कापूस दिसतो. प्रत्येक भोकावर एक-एक थेंब सोडा आणि थांबा. पांढरा कोरडेपणा जाऊन कापूस ओलसर, जरा पारदर्शक झाला की दुसरा थेंब. मधल्या नळीत बाटली रिकामी करायची नाही, तिथे दोन थेंब पुरे. मग हवेची खाच बंद करून टँक भरा, वर थोडी हवा राहू द्या. वरून भरायच्या टँकचं झाकण बसताना आतली हवा दाबली जाते आणि तीच लिक्विडला कॉइलमधून खाली ढकलते. म्हणून झाकण लावून झालं की टँक उलटा करा, उलटा असतानाच खाच उघडा आणि मग सरळ करा. दहा मिनिटं ठेवा, थंडीत वीस. बटण न दाबता दोन हलक्या ओढी घ्या, मग १२ वॅटने सुरुवात करा. लिक्विड कॉइलच्या भोकांखाली जाईपर्यंत वाट बघू नका, २ मिली फार लवकर संपतात. असं केलंत तर कॉइल आठवडा-दोन आठवडे टिकते. एका जागी दोन आठवड्यांत तीन, हा खर्च विद्यार्थ्याला परवडणारा नाही.

एक विनंती: सगळं एकाच रात्री बदलू नका. टीसाइडला मी कॉइल, लिक्विड आणि वॅट तिन्ही एकदम बदलले, बरं वाटलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बिघडलं तेव्हा कशाने बरं झालं होतं तेच सांगता येईना. आज रात्री फक्त रिंग नीट बसवा, नवी कॉइल वर लिहिल्याप्रमाणे भिजवा आणि १४ वॅटवर या. लिक्विड आहे तेच राहू द्या, ते पुढच्या आठवड्यात बदला.

आणि झोपताना गळतीची जागा शोधून ठेवा, जशी आम्ही कारखान्यात फ्लँजची, म्हणजे पाइपांच्या जोडाची शोधतो. टँक बाहेरून पूर्ण कोरडा पुसा. टिश्यूची एक बारीक पट्टी काच आणि धातू मिळतात तिथे गुंडाळा, दुसरी खालच्या हवेच्या खाचेभोवती. टँक उभा ठेवा. सकाळी कुठली पट्टी ओली आहे ते इथेच लिहा, फोटोसकट. वरची ओली असेल तर काचेची रिंग गेली आहे. खालची ओली असेल तर मला कॉइलच्या तळाचा फोटो लागेल, तिच्या बुडाशी एक छोटी रिंग असते, ती जुन्या कॉइलसोबत फेकली गेली नाही ना, ते बघायचंय.