आईला गृहपाठ देण्याआधी

चि. पोरी,

तुझं पत्र मिळालं. विशेष शाळेतल्या आपल्या अपंग मुलांचं जमतंय, पण त्यांच्या आया समोर बसून रडायला लागल्या की काय करावं कळत नाही, असं लिहिलंस. आपल्या विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणात आई येते ती बहुतेक घरी सराव घेणारी म्हणून. ती स्वतः कशी आहे, हे विचारायला कुणी शिकवत नाही.

आधी एक सांगते. तिचं रडू थांबवायची घाई करू नकोस. ‘देवानं तुम्हालाच निवडलंय’, ‘तुम्ही फार खंबीर आहात’ असलं काही बोलायचं नाही. ते ऐकून ती गप्प होते आणि आपल्याला वाटतं, सावरली. सावरत नाही, तुझ्यासमोर रडायचं तेवढं बंद करते.

अमेरिकेत सायमन ओल्शान्स्की यांनी 1962 मध्ये अशा मुलांच्या आईवडिलांबद्दल लिहिलं, की त्यांचं दुःख हा आजार नाही. ते स्वाभाविक आहे आणि आयुष्यभर येत-जात राहतं. तज्ज्ञ मंडळी ‘स्वीकारा, स्वीकारा’ म्हणून मागे लागतात, त्याचाच जाच होतो, असंही त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. जावेचा मुलगा पहिलीत जातो, धाकटी बहीण थोरल्याच्या आधी बोलायला लागते, मुलीला पाळी येते. दरवेळी जुनं सगळं नव्यानं वर येतं. वर्षभर हसतमुख असलेली आई जूनमध्ये शाळा सुरू होताना चिडचिड करते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

त्यात दोषारोप. ‘ग्रहण पाळलं नसशील’, ‘मोबाईल देऊन देऊन असं झालं’, ‘नोकरीच्या नादात पोराकडं बघितलं नाही’. हे फक्त आपल्याकडचं अडाणीपण समजू नकोस. आई मायाळू नसल्यानं मूल स्वमग्न होतं, म्हणजे त्याला ऑटिझम होतो, असं अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरही एकेकाळी मानत होते. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं 1964 मध्ये ते खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. म्हणून ‘यात तुमची काही चूक नाही’ हे वाक्य आईला एकटीला गाठून सांगू नकोस. सासूबाई, नवरा, असतील तेवढे सगळे समोर असताना सांग. घरात त्या वाक्याचा उपयोग तेव्हाच होतो.

दुःख आणि नैराश्य यांतला फरक मात्र ओळखायला शीक. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का? कशातच रस वाटत नाही, असं झालंय का? हे दोन साधे प्रश्न विचार. उत्तर ‘हो’ आलं तर आपण डॉक्टर व्हायचं नाही. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागाची वाट दाखवायची. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं. ‘जगणं नकोसं वाटतं का’ हेही सरळ विचार. विचारल्यानं तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटीला घरी पाठवायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सोबत देऊन दवाखान्यात न्यायचं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. बोलण्याचा सराव सांगणारी स्पीचवाली अर्धा तास सांगते, रोजची कामं करायला शिकवणारा ओटीवाला (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) अर्धा तास, फिजिओ आणखी काही, वर तुझी वही. प्रत्येकाला आपलं तेवढंच दिसतं, बेरीज कुणी करत नाही. कागलकडच्या एखाद्या बाईचा दिवस धरून बघ. पहाटे म्हशीची धार, डेअरीला दूध, डबे, मग पोराला काखेत घेऊन एस.टी.नं कोल्हापूर, संध्याकाळी परत धार. त्यात सराव राहतो, आणि पुढच्या वेळी वही उघडताना ती मान खाली घालते. तिच्या अपराधीपणात आपण अशी भर घालतो. नवीन काही देण्याआधी कालचा दिवस तिच्याच तोंडून ऐक, उठल्यापासून झोपेपर्यंत. रात्रीची झोप तर हमखास विचार. अशा बऱ्याच मुलांना झोपेचा त्रास असतो, मग आईही जागीच. तोही डॉक्टरांना सांगण्यासारखा त्रास आहे, हे कित्येकींना माहीत नसतं.

मग एकच गोष्ट दे, तीही ती एरवी करतेच त्या कामात बसणारी. भाकरीच्या वेळी पिठाचा गोळा मुलाच्या हातात. अंघोळ घालताना अवयवांची नावं. बास. बाकीचं वर्गात आपण करू.

पालकसभेत भाषणं ठेवू नकोस. मुलं दुसऱ्या खोलीत मदतनीसांकडं दे आणि बायकांना चहा घेत बोलू दे. नवरात्रात अंबाबाईची ओटी भरायला निवांत जाता आलेलं नाही, रंकाळ्यावर नुसतं बसून कित्येक वर्षं झाली, असं काहीबाही निघतं. तिथं एकीचं दुसरीला जितकं कळतं, तितकं आपल्याला कळत नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

शेवटी एक प्रश्न येतोच: ‘माझ्यामागं ह्याचं कोण?’ यावर धीर देऊ नकोस, कागद दे. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का बघ. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत; 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं पालकत्वासाठी अर्ज करता येतो. हे सांगायला अठरावं उजाडायची वाट बघू नकोस. अर्ज भरताना वडिलांना शेजारी बसव. बहुतेक घरांत मुलाची फाईल आईच्या पिशवीत असते, आणि त्यातलं काय कुठं आहे ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं.

तुझी,
बाई