‘जन्मजात’ म्हणजे घराण्यातून आलेलं का?

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिरजेला तपासलेल्या भाच्याच्या कागदावर ‘जन्मजात हृदयदोष’ असं लिहिलंय. ते वाचून घरात सुरू झालं, ‘म्हणजे हे आईच्या माहेरकडनं आलं.’ शब्दाचा तसा अर्थ निघतो का?

अजिबात नाही. यातला ‘जात’ म्हणजे ‘जन्मलेला’, ‘नवजात’मधला तोच. दोष जन्माच्या वेळी होता, एवढंच हा शब्द सांगतो. कुठून आला, याबद्दल तो गप्प आहे. पिढ्यांमधून उतरतं ते आनुवंशिक. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू किंवा बहिरेपण घेऊन जन्मू शकतं. ते जन्मजात, पण आनुवंशिक नव्हे. उलट हंटिंग्टनचा हा मेंदूचा आजार आनुवंशिक, पण दिसतो बहुधा तिशी-चाळिशीत. काही दोष दोन्ही असतात, म्हणून तर घोळ होतो.

हा फरक काही इंग्रजी वैद्यकातून आलेला नाही. सुश्रुतसंहितेत बीजदोषातून, म्हणजे आईबापांच्या बीजातल्या दोषातून, येणारे रोग ‘आदिबलप्रवृत्त’ आणि गर्भावस्थेत उद्भवणारे ‘जन्मबलप्रवृत्त’ असे वेगळे मांडले आहेत. जन्मांध, बहिरा, मुका हे दुसऱ्या गटात. (अर्थात तिथेही बोट आईच्या वागण्याकडेच आहे. ते मात्र आज घेऊ नये.)

आयुर्वेदात यासाठी ‘सहज’ असाही शब्द आहे: सह-ज, बरोबर जन्मलेलं. ‘सहज अर्श’ म्हणजे जन्मापासूनची मूळव्याध. आपण मात्र ‘सहज आलो होतो’ म्हणत दारात उभे राहतो! शब्द कुठून कुठे गेला बघा.

आपल्याकडचा अस्सल शब्द ‘उपजत’, ‘उपजणे’वरून. पण त्याची ओढ गुणांकडे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) काढणाऱ्याच्या पोराला ‘उपजत कान आहे’ म्हणतील. ‘उपजत हृदयरोग’ कानाला खटकतं. ‘जन्मजात कलाकार’ हल्ली सर्रास लिहितात. चूक म्हणणार नाही, पण मला तिथे ‘उपजत’च गोड वाटतं. स्वभावासाठी ‘जात्याच’ आहे: ‘जात्याच अबोल’. त्याचा दळायच्या जात्याशी संबंध नाही, हेही एकदा सांगावं लागलं होतं.

ताई, घरी ‘जन्मजात’ची फोड करत बसू नका. ‘जल्मापासनं हाय, पर वंशातनं आलंय आसं ह्यात लिवल्यालं न्हाई’ म्हणा. वंशाचा काही भाग आहे का, ते डॉक्टरांनाच विचारा. ते या शब्दावरून कळायचं नाही.