इंग्लंडमधल्या छोट्या खेड्यात राहणं खरंच कसं असतं?

तुम्ही विचारलंय की मिस्टरांना चेस्टरफील्डला नोकरी लागतेय, मग शहरात भाड्यानं राहावं की जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातलं एखादं खेडं बघावं, कारण फोटोत सगळं स्वर्गासारखं दिसतंय. मी तिथल्याच बेकवेलजवळच्या एका गावात राहते, नाव नाही सांगत कारण गाव एवढुसं आहे की नाव सांगितलं की घरच सापडेल. मूळची वाईची. तर फोटोत खोटं काही नाही हो, दगडी घरं, मेंढ्या, ओढा, चर्च, पब, सगळं तसंच आहे. पण मे महिन्यातल्या रविवारी येऊन बघणं वेगळं आणि नोव्हेंबरात पावसात कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत ढकलत नेणं वेगळं. आणि इथे नुसतं राहून भागत नाही, गावाचं काहीतरी काम अंगावर घ्यावं लागतं, नाहीतर वर्षभर लोक हसून हात करतात आणि कोणी घरात पाऊल टाकत नाही.

आधी रोजची कटकट सांगते. गाडी चालवता येते का तुम्हाला? नसेल तर खेड्याचा विचार सध्या सोडा. बस आहे, तिकीट पण २०२५ पासून एका फेरीला जास्तीत जास्त ३ पौंड, पण आमच्याकडे दिवसातून मोजक्याच येतात, संध्याकाळनंतर नाही, रविवारी नाही. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, नंतर इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात, बदलून मिळत नाही, आणि परीक्षेच्या तारखा लवकर मिळत नाहीत म्हणून आल्या आल्या सुरुवात करा. रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जात जिथे जरा रुंद जागा आहे तिथवर न्यायची. पुण्यात कितीही चालवली असली तरी इथे रिव्हर्स नव्यानं शिकावा लागतो.

मग थंडी. बऱ्याच खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही. परसात एक मोठी हिरवी टाकी असते, त्यात हीटिंग ऑइल, म्हणजे आपलं रॉकेलच, टँकरवाला येऊन भरून जातो. बहुतेक ठिकाणी एका वेळी निदान ५०० लिटर घ्यावं लागतं, म्हणून गावातले दहाबारा जण मिळून ऑर्डर देतात, जरा स्वस्त पडतं. जानेवारीत टाकी रिकामी झाली आणि रस्त्यावर बर्फ असला तर टँकर वर चढत नाही, मग दोन स्वेटर घालून बसा. ड्रेनेजचं पण तसंच, कितीतरी घरांना सेप्टिक टँक आहे आणि तो उपसून घ्यायचा खर्च आपला. भिंती दीड-दोन फूट जाड, ऐकायला भारी वाटतं पण आत ओल धरते. घर लिस्टेड, म्हणजे जुनी जपायची वास्तू म्हणून सरकारी यादीत, असेल तर खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि इथे बांधकामाची परवानगी देणारं खातं म्हणजे खुद्द नॅशनल पार्कचं प्राधिकरण, ते म्हणजे भलतेच काटेकोर.

हो, हे सगळं नॅशनल पार्कात आहे, ब्रिटनमधलं पहिलं, १९५१ सालचं. आपल्याकडे नॅशनल पार्क म्हटलं की तिकीट काढून आत जायचं जंगल, इथे त्यात साधारण ३६ हजार माणसं राहतात, शेती करतात, दगडाच्या खाणी चालतात. जमीन बहुतेक खाजगीच. पण शेतातून, कुणाच्या गोठ्यामागून, कधी तर थेट अंगणातून पायवाटा जातात आणि त्यावरून चालायचा हक्क कोणालाही आहे, मालकसुद्धा अडवू शकत नाही. तरी वर डोंगरावरची मोकळी माळरानं बराच काळ जमीनदारांनी शिकारीसाठी बंदच ठेवली होती. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर-शेफिल्डकडची कामगार पोरं मुद्दाम बंदी मोडून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढली, त्यातल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं, आणि पुढे नॅशनल पार्कच्या कायद्यामागे ज्या चळवळी होत्या त्यात या चढाईचं नाव कायम घेतात. मी रोज सकाळी ज्या वाटेनं जाते तिथे भिंतीत एक उभी फट आहे, दोन सपाट दगड उभे रोवलेत, माणूस जरा आडवा होऊन पोट आत घेऊन निघून जातो, मेंढी अडकते. फाटक नको, कडी नको. त्या दोन्ही दगडांच्या कडा इतक्या माणसांच्या मांड्या घासून साबणासारख्या गुळगुळीत झाल्यात. एकच नियम, वाटेत फाटक लागलं तर उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर बंद. आणि एप्रिलमध्ये कोकरं असतात तेव्हा कुत्रा साखळीला बांधलेला हवाच, यावरून गावात खरी भांडणं होतात.

ईअम नावाचं गाव इथून जवळच, तिथे नक्की जा. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर प्लेग आला असं सांगतात, आणि तिथल्या मॉम्पेसन नावाच्या धर्मगुरूच्या सांगण्यावरून गावानं स्वतःला कोंडून घेतलं, बाहेर लागण जाऊ नये म्हणून. २६० माणसं गेली. स्टोनी मिडलटनकडे जाणाऱ्या वाटेवर एक दगड आहे, त्याला भोकं आहेत, त्यात व्हिनेगर भरून गावकरी पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे उचलायचे.

आता माणसांबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच दिसतो. इथे बहुतेक सगळे गोरे आणि बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. वाईट वागणूक मला तरी सहसा आली नाही, कुतूहल मात्र भरपूर, आणि 'मूळची कुठली' हा प्रश्न अजून येतो. तरुण पोरांना घर परवडत नाही कारण चांगली घरं सुट्टीसाठी भाड्यानं दिली जातात, खिडक्यांत शुक्रवारी दिवे लागतात आणि सोमवारी जातात. म्हणून जी माणसं बारा महिने राहतात त्यांच्यावर सगळं येऊन पडतं. लाल टेलिफोन बूथमध्ये आता फोन नाही, हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं मशीन आहे, टेलिफोन कंपनी असे बूथ गावांना १ पौंडाला देते, पण मशीनची बॅटरी दर आठवड्याला बघायला कोणीतरी लागतं ना. १८९४ पासून इंग्लंडमध्ये पॅरिश कौन्सिल आहेत, आपली ग्रामपंचायत समजा पण अधिकार फारच कमी, मीटिंगमध्ये कुत्र्याची घाण, खड्डे आणि गवत कोण कापणार यावर दोन तास जातात. कोणीही जाऊन बसू शकतं, तुम्ही जा, मजा येते आणि कोण कोणाशी बोलत नाही ते पण कळतं.

मला गावात घेतलं ते घंटांनी. आमच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत आणि वाजवायला पाचच माणसं उरली होती. शेजारच्या आजोबांनी विचारलं, येतेस का. मी म्हटलं अहो मी हिंदू, ते म्हणाले अर्धे वाजवणारे प्रार्थनेला थांबतही नाहीत, मनगट चालतं का ते सांग. आपल्या देवळात घंटा स्थिर असते आणि आपण टोल देतो, इथे अख्खी घंटाच चाकावर गोल फिरते, तोंड वर करून उभी राहते आणि एक पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा उभी. खाली दोरी असते, तिच्यावर लोकरीचा लाल-पांढरा-निळा जाडसर गोंडा, त्याला सॅली म्हणतात, ती धरायची, ओढायची, वेळेत सोडायची, परत खाली येताना पकडायची. सोडायची विसरलात तर दोरी तुम्हाला घेऊन वर जाते, हे पहिल्याच दिवशी ओरडून सांगतात. वर घंटेला एक लाकडी दांडा असतो, जोर जास्त झाला की तो मोडतो, मुद्दामच तसा ठेवलाय, आणि नवशिक्यांकडून हमखास मोडतो.

यात गाणं वगैरे काही वाजत नाही. एक ते सहा असा क्रम वाजतो आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या घंटा जागा बदलतात. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, एकही परत न येता सगळे वाजवायला जवळपास अर्धा तास. सुरू करताना पहिल्या घंटेवरचा, म्हणजे ट्रेबलवरचा, माणूस म्हणतो, लुक टू, ट्रेबल्स गोइंग, शीज गॉन, आणि खोलीत सगळे एकदम गप्प. याच्या मागे लोक किती वेडे आहेत म्हणजे १९६३ मध्ये लाफबरोला, जिथे घंटा ओततात त्या कारखान्यात, आठ जणांनी आठ घंटांचे सगळे ४०,३२० क्रम वाजवले, जवळजवळ १८ तास, कोणाचीही बदली न करता. जेवणखाण कसं केलं विचारू नका.

मी त्यांना एकदा मेणवलीच्या घंटेबद्दल सांगितलं, वाईपासून अगदी जवळ, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर आहे, वसईच्या किल्ल्यातून मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीज घंटा. त्यांना लुटीची गोष्ट फार आवडली. पण त्यांच्यातल्या एका बाईंनी उलट मलाच गार केलं, म्हणाल्या तुमच्या पुण्यात पण अशाच चाकावरच्या आठ घंटा आहेत की, इंग्लंडहून नेलेल्या. म्हणजे गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं चर्च! टिळक-रानड्यांनी १८९० मध्ये ज्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून एवढा गदारोळ झाला तेच. मी कॉलेजला रोज तिथून जायचे आणि मान वर करून बघितलं नव्हतं.

दर आठवड्याला सराव, नंतर सगळे पबमध्ये, मी लेमोनेड घेते कोणी काही म्हणत नाही. पॉवर कट झाला तर १०५ नंबर लावायचा, अंडी कुठल्या फाटकाबाहेर डब्यात पैसे टाकून मिळतात, कुठला प्लंबर खरंच येतो, हे सगळं मला तिथेच कळलं. वेल ड्रेसिंगला, म्हणजे गावच्या विहिरी फुलापानांच्या चित्रांनी सजवतात त्याला, पण तिथल्याच बायकांनी नेलं. ते या भागाचं खास, मे ते सप्टेंबर वेगवेगळ्या गावांत, टिसिंग्टनचं पहिलं आणि सर्वांत नावाजलेलं. लाकडी फळ्या पाण्यात भिजवून त्यावर ओली चिकणमाती थापायची, मीठ घालून, म्हणजे वाळत नाही, आणि मग एकेक पाकळी दाबून चित्र करायचं, खालून वर, कौलं चढवल्यासारखी एकावर एक, म्हणजे पाऊस ओघळून जातो. सगळं निसर्गातलंच हवं, पाकळ्या, बिया, शेवाळ. रांगोळी येते म्हणून मला हौसेनं बोलावलं आणि नखाएवढ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या लावत तीन दिवस वाकवून बसवलं. विहिरीपाशी आठवडाभर राहतं, मग माती परत पुढच्या वर्षीसाठी बादलीत.

तुम्हाला मुलं आहेत का ते लिहिलं नाहीत. गावातल्या प्राथमिक शाळा गोड असतात, दोन-तीन इयत्ता एकाच वर्गात, पण पटसंख्या घटली की बंद व्हायची टांगती तलवार, ते आधी विचारून घ्या. कोथिंबीर, हिंग, कढीपत्ता शेफिल्डला. डिसेंबरात चारच्या आत अंधार आणि रस्त्यावर एक दिवा नाही, जूनमध्ये साडेनऊलाही उजेड असतो.

मी असं करा म्हणेन, पहिला हिवाळा चेस्टरफील्डला किंवा फार तर मॅटलॉकला भाड्यानं काढा, लायसन्स काढा, शनिवार-रविवार गावं बघा. घर बघाल तेव्हा एजंटला हीटिंग कशावर आहे, सेप्टिक टँक आहे का आणि घरात मोबाइलला रेंज येते का एवढं विचारा, रेंज तर स्वतः आत उभं राहून बघा. मिस्टरांना नाइट शिफ्ट असतील तर मात्र चेस्टरफील्डच बरं, जानेवारीत पहाटे बर्फ साचलेल्या त्या चढावरून रोज ये-जा करा असं मी तरी कोणाला सांगणार नाही.